हुपरी ते बंगळूर : डेटाबेसच्या परिषदेत मराठीची जागा

कोल्हापूरहून किंवा इचलकरंजीहून हुपरीला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, जवाहर साखर कारखाना दिसतो, आणि गावात शिरलं की उसाचा विषय संपून चांदीचा सुरू होतो. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव अंबाबाईच्या देवळासाठी पंचक्रोशीत आणि पैंजणांसाठी देशभर ठाऊक आहे. चांदीचा मोठा कारखाना दाखवा असं पाहुण्याने म्हटलं तर मात्र पंचाईत होते, कारण हुपरीचा कारखाना घराघरांत वाटलेला आहे. एका ठिकाणी चांदी आटवली जाते, दुसरीकडे तिची तार किंवा पट्टी ओढली जाते, तिसऱ्या घरात कड्या आणि घुंगरू होतात, चौथ्या घरी बायका जोडकाम करतात, मग झाळणं, पॉलिश, मीना. ही घरं एकाच गावातली असतात असंही नाही. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड, तळंदगे अशा शेजारच्या गावांतूनही हे काम चालतं. माल फिरतो तशी नोंद फिरते. किती ग्रॅम दिले, कोणत्या टंचाचे (शुद्धतेचे) दिले, परत किती आले, घट किती धरायची आणि मजुरी किती झाली, या पाच आकड्यांवर देणाऱ्याघेणाऱ्याचा विश्वास उभा असतो. १२ किलो ३५० ग्रॅम माल ६० टंचाचा असेल तर त्यात शुद्ध चांदी ७ किलो ४१० ग्रॅम. हा हिशेब इथल्या प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी आहे, आणि तो ज्या वहीत बसतो ती वही गावात हातोडीइतकीच महत्त्वाची आहे.

ही वही आता संगणकात चालली आहे. जीएसटीने बिलं संगणकावर आणली. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही, ऐच्छिक स्वरूपात का होईना, एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक जोडला गेला. म्हणजे दागिना आणि त्याची संगणकातली नोंद यांची गाठ पडू लागली. अशा नोंदी ज्या यंत्रणेत राहतात ती डेटाबेस. तिचे दोन मोठे ओपन सोर्स (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो असे) नमुने म्हणजे पोस्टग्रेस आणि मारियाडीबी. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यवसायाची प्रणाली मारियाडीबीवर चालते, आणि ती लहान कारखानदारालाही परवान्याचे पैसे न मोजता वापरता येते. फुकट मिळतं म्हणून आपण ही साधनं वापरतो आणि विषय तिथेच सोडतो. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूतही निर्णय असतातच : कोणती सोय आधी करायची, कोणती चूक तातडीने सुधारायची, कोणत्या भाषेला जागा द्यायची. हे निर्णय या डेटाबेसचे विकासक घेतात, आणि त्यांची ओळखपाळख होते ती त्यांच्या परिषदांमध्ये. म्हणून या लेखाचं प्रतिपादन सरळ आहे. हुपरीसारख्या गावाने डेटाबेस विकासकांच्या परिषदेला माणूस पाठवावा, आणि त्याने तिथे नुसतं ऐकून न येता आपलं काम मांडावं. ओपन सोर्समध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळत नाही. जो काम घेऊन येतो त्याच्या भाषेचं आणि त्याच्या धंद्याचं भागतं.

हुपरीहून अशा परिषदेकडे जाणारा सर्वांत सोयीचा रस्ता दक्षिणेला जातो. पोस्टग्रेसची भारतातली मुख्य परिषद, पीजीकॉन्फ इंडिया, बंगळूरला भरते. २०२५ मध्ये ती ५ ते ७ मार्चला झाली. हुपरीहून कागलला आलं की पुणे-बंगळूर महामार्ग मिळतो, आणि कोगनोळी नाक्यावर कर्नाटक सुरू होतं. निपाणीची तंबाखू, तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड-हुबळी, ज्या जिल्ह्यातून आपल्या स्वयंपाकघरात बेडगी मिरची येते तो हावेरी, हरिहरजवळ तुंगभद्रा, दावणगेरे, पवनचक्क्या आणि किल्ल्याचं चित्रदुर्ग, मग तुमकूर आणि बंगळूर. अंतर सहाशे किलोमीटरांच्या आसपास. रेल्वेने जायचं तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते. या वाटेवर दुकानांच्या पाट्या मराठीतून हळूहळू कन्नडमध्ये जातात. निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात दोन्ही भाषा एकाच भिंतीवर नांदतात, धारवाडनंतर कन्नडच उरते. डेटाबेसच्या परिषदेला निघालेल्याने हा बदल लक्षात ठेवावा. पोस्टग्रेसमध्ये मजकूर शोधण्यासाठी ज्या भाषांची सोय आयती दिलेली असते, त्या सुमारे तीस भाषांत या महामार्गावरच्या दोन्ही भाषा नाहीत. सहाशे किलोमीटर प्रवासात एकही गाव असं लागत नाही, जिथली बोली त्या यादीत सापडेल.

परिषदेत काय चालतं, याची कल्पना आधी असलेली बरी. पीजीकॉन्फ इंडियाचा पहिला दिवस साधारणपणे प्रशिक्षणवर्गांचा असतो, पुढचे दोन भाषणांचे. ओरॅकलसारख्या महागड्या डेटाबेसमधून पोस्टग्रेसवर कसं यावं, जुन्या नोंदींचा गाळ वेळच्या वेळी कसा उपसावा, एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने सूत्रं कशी हाती घ्यावीत, असे विषय वेगवेगळ्या सभागृहांत समांतर चालतात. हा मुख्यतः वापरणाऱ्यांचा मेळावा असतो. यंत्रणा घडवणाऱ्यांची बैठक वेगळी. ओटावा विद्यापीठात २००७ पासून पीजीकॉन भरत असे. महासाथीत ती ऑनलाइन झाली, २०२३ मध्ये शेवटची भरली, आणि २०२४ पासून तिची जागा पीजीकॉन्फ डॉट डेव्ह या परिषदेने घेतली. पहिली व्हँकुव्हरला, दुसरी २०२५ च्या मे महिन्यात माँट्रियलला. तिथला एक दिवस आधी कार्यक्रम न ठरवता मोकळा ठेवतात. हजर असलेले विषय सुचवतात, मतं घेतली जातात, आणि ज्याला जास्त मतं त्यावर सगळे बसून बोलतात. त्या दिवशी व्यासपीठ कुणाला मिळणार हे हजर असलेल्यांच्या मतांवर ठरतं. युरोपात दर वर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या विद्यापीठात भरणारं फॉसडेम हे ओपन सोर्सचं संमेलन तर नावनोंदणी आणि प्रवेशशुल्क दोन्हींशिवाय चालतं, आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल या डेटाबेसना तिथे आपापली दालनं मिळतात. हुपरीसाठी पायऱ्या उघड आहेत : आधी पुणे, मग बंगळूर, आणि हातात सांगण्यासारखं काम तयार झाल्यावर ब्रसेल्स किंवा कॅनडा.

पुणे या यादीत आलं त्याला कारण आहे. सिंबायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत विद्यार्थ्यांनी ग्नूनिफाय हा ओपन सोर्सचा मेळावा वर्षानुवर्षं भरवला, आणि पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचं मोठं केंद्र पुण्यातच आहे. तिथल्या कामाचा एक नमुना जगभर रोज वापरला जातो. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी पुसली जात नाही, तिची नवी प्रत तयार होते. पूर्वी अशा प्रत्येक नव्या प्रतीसाठी त्या तक्त्याच्या सगळ्या सूचींमध्ये (इंडेक्समध्ये) नवी भर घालावी लागे, मग बदल कितीही किरकोळ असो. पवन देवलसी यांनी लिहिलेल्या सुधारणेने ही भर टाळली. सूचीतला मजकूर बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी प्रत जुन्या प्रतीला साखळीने जोडून ठेवायची. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीत ही सुधारणा समाविष्ट झाली, आणि सतत बदलणाऱ्या नोंदींसाठी पोस्टग्रेसचा वेग तिने पालटला. कारागिराच्या खात्यावरची शिल्लक दिवसातून वीसदा बदलते, नाव आणि क्रमांक मात्र तोच राहतो. अशा तक्त्याला या कामाचा फायदा थेट मिळतो. इथून जाऊन त्या यंत्रणेच्या गाभ्यात हात घालता येतो का, या शंकेचं उत्तर त्यामुळे सतरा-अठरा वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. त्यासाठीची रीतही खुली आहे. वर्षातून पाचदा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या महिन्यांत, आलेल्या सुधारणा ठरवून तपासल्या जातात, आणि शरद ऋतूत नवी आवृत्ती निघते.

जो काम घेऊन येतो त्याच्या भाषेचं भागतं, याचा आता मुख्य पुरावा. मराठीच्या बाबतीत डेटाबेसला दोन वेगळी कामं करावी लागतात : यादी लावणं आणि शोधणं. यादीत मराठी वर्णमालेचा क्रम पाळायचा तर ळ हा ह नंतर यायला हवा, आणि क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांनी लावलं तर ळ जाऊन ल च्या शेजारी बसतो आणि क्ष क मध्ये मिसळतो. पण मराठीचा हा क्रम युनिकोडच्या भाषाविषयक माहितीत नोंदवलेला आहे, आयसीयू नावाची सॉफ्टवेअर लायब्ररी तो वापरते, आणि पोस्टग्रेस २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयूशी जोडता येतं. म्हणजे कुणीतरी मराठीचे नियम लिहून योग्य जागी पोचवले, आणि यादीचा प्रश्न सुटला. शोधाचं नेमकं उलट झालं. 'कारागीर' शोधला तर 'कारागिराला', 'कारागिरांनी', 'कारागिराकडून' असलेल्या नोंदीही सापडायला हव्यात. त्यासाठी प्रत्यय आणि सामान्यरूप सोडवून मूळ रूपाशी पोचणारे नियम लागतात. पोस्टग्रेस हे नियम स्नोबॉल या ओपन सोर्स प्रकल्पातून घेतं. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळ आल्या, २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत हिंदी आली, त्याच वेळी बास्कही आली, आणि २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत एस्टोनियन. बास्क भाषकांची संख्या दहा लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते, आणि मराठी त्या यादीत नाही. कुणी मराठीला नाकारलं असा याचा अर्थ कुणी काढू नये. एकाच भाषेचं एक काम झालं आणि दुसरं राहिलं, यातला फरक एवढाच की पहिलं काम कुणीतरी नेऊन दिलं. दुसऱ्यासाठी कच्चा माल तयार आहे. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट झालं आहे, शुद्धलेखन तपासणीचे मराठी शब्दकोश आहेत, आणि पोस्टग्रेसला तसे शब्दकोश जोडताही येतात. पण ते ज्याचं त्याने शोधून, जोडून, चालवून पाहायचं. हुपरीतल्या दुकानदाराला तो खटाटोप जमेल अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

आपली भाषा आपण नेली तर काय होतं, हे जपानने दाखवून दिलं आहे. जपानी लिपीतल्या एका अक्षराला एकापेक्षा जास्त बाइट लागतात, आणि सुरुवातीच्या पोस्टग्रेसला ते झेपत नव्हतं. तात्सुओ इशिई यांनी बहुबाइट अक्षरांची सोय लिहिली आणि १९९८ मध्ये ती मूळ यंत्रणेत आली. १९९९ मध्ये जपानच्या पोस्टग्रेस वापरकर्त्यांनी आपली संघटना उभी केली. पुढे एनटीटी, फुजित्सु, एनईसी यांसारख्या कंपन्यांनी पगारी माणसं या कामाला लावली, आणि ओटावाच्या परिषदेत जपानी चेहरे नेहमीचे झाले. देशात ते जपानीत शिकवतात, जपानीत पुस्तकं काढतात, आणि बाहेर आपली गरज मांडायला प्रतिनिधी पाठवतात. या परिषदा इंग्रजीत चालतात, गावातल्या मुलाचा तिथे निभाव कसा लागणार, असा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो. त्याला जपानचं उत्तर पुरेसं आहे. घरचा कारभार आपल्या भाषेत आणि दारी बोलणारे दोघे-तिघे, एवढ्याने भागतं. शिवाय तिथे बोलण्यापेक्षा कोड आणि चाचण्यांचे निकाल जास्त वाचले जातात, आणि त्यांना उच्चार लागत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाषणांची चित्रफीत नंतर फुकट पाहता येते, सुधारणा ई-मेलने पाठवता येते, आणि पोस्टग्रेसची रीतच अशी की अंतिम निर्णय लेखी चर्चेत होतो, परिषदेच्या चहाच्या टेबलावर होत नाही. मग प्रवास कशाला? हे तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि नुसती भाषणं ऐकायला जाणाऱ्याला ते पुरून उरतात. पण काम मांडायला जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. सुधारणा पाठवणारे पुष्कळ असतात आणि ती वाचून तपासणारे अनुभवी लोक थोडे. ओळख नसलेल्या माणसाचं काम बाजूला पडतं, त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, वेळ अपुरा असतो. शिवाय मार्च २०२४ मध्ये दूरच्या ओळखीतला धोका जगाने पाहिला. एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स प्रणालीत 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग तिच्यात छुपा दरवाजा घातला. त्या नावामागचा माणूस उघडपणे कधी कुणासमोर आलाच नाही. हा डाव उघडकीला आणला तो पोस्टग्रेसचेच विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकलं होतं. प्रत्यक्ष भेटलेला प्रत्येक माणूस सच्चा असतो असं नाही. पण ज्या क्षेत्रात काम जवळपास सगळं पत्राने चालतं, तिथे वर्षातून एकदा समोरासमोर बसण्याला या घटनेनंतर जास्त किंमत आली आहे.

समोरासमोर बसल्याने कोणते प्रश्न सुटतात, याचं उदाहरण २०१८ चं आहे, आणि ते हुपरीच्या दुकानदाराला त्याच्याच भाषेत सांगता येतं. पूर्वी व्यवहार आधी रोजकीर्दीत चढे, सवडीने खतावणीत. दुकानात आग लागली आणि खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. डेटाबेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी क्रमवार नोंदीत लिहितो, मग यथावकाश मूळ तक्त्यात, आणि खतावणी पक्की झाली अशी खात्री पटल्यावर रोजकीर्दीतली जुनी पानं काढून टाकतो. ही खात्री ऑपरेटिंग सिस्टिमने द्यायची असते. २०१८ मध्ये लक्षात आलं की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्कवर लिहिणं एकदा फसलं तर तो दोष एकदाच कळवला जातो, आणि पोस्टग्रेसने पुन्हा विचारलं की 'झालं' असं उत्तर येतं, जरी ते पान डिस्कवर गेलेलंच नसलं तरी. पोस्टग्रेसवाले म्हणत होते की लिनक्सने असं वागू नये. लिनक्सवाले म्हणत होते की तुम्ही भलतंच गृहीत धरलंत. लेखी वादात हा तिढा तापत गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पार्क सिटी इथे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांची बैठक होती. तिथे दोन्हीकडचे लोक एकत्र बसले आणि एकमेकांच्या अडचणी समजून घेतल्या. लिनक्सने दोष कळवण्याच्या रीतीत सुधारणा केल्या. पोस्टग्रेसने १४ फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत असं ठरवलं की अशी चूक आली की पुन्हा विचारत बसायचं नाही, काम थांबवायचं आणि नोंदींवरून सगळं नव्याने उभं करायचं. मायएसक्यूएल आणि मोंगोडीबी या डेटाबेसनाही आपली वागणूक तपासावी लागली. तो दोष वीस वर्षं कोडमध्ये होता. त्याची उकल दोन वेगळ्या समूहांनी एका खोलीत बसल्यावर वेगाने झाली.

या परिषदा मोठ्या कंपन्यांच्या पैशावर चालतात, तिथे गावकऱ्याचं कोण ऐकणार, हा तिसरा आक्षेप. प्रायोजकांच्या फलकांकडे पाहिलं तर तो खोटा म्हणता येत नाही. क्लाउड विकणाऱ्या कंपन्या तिथे ठळकपणे असतात, आणि विकासकांपैकी बहुतेकांचा पगार अशाच कंपन्यांतून येतो. पण मालकी आणि पगार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले परवाने बदलले ते शक्य झालं, कारण त्या डेटाबेसची मालकी एकेका कंपनीकडे होती. रेडिसच्या बाबतीत बाहेरच्या विकासकांना लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने वाल्की ही वेगळी शाखा काढावी लागली. पोस्टग्रेस कुणा एका कंपनीचं नाही. त्याच्या सात जणांच्या मुख्य मंडळात एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक असू नयेत, असा नियम आहे. ज्याच्यावर पुढची पंचवीस वर्षं धंद्याची वही ठेवायची, त्याच्याबद्दल कारखानदाराने आधी हेच विचारावं : याचा मालक उद्या अटी बदलू शकतो का? पोस्टग्रेसबद्दल उत्तर 'नाही' असं आहे. आणि ज्या वस्तूला मालक नाही तिच्याकडे आपली गरज नेणं, मालक असलेल्या कंपनीच्या तक्रार खिडकीवर उभं राहण्यापेक्षा सोपं असतं.

शेवटचा आक्षेप हुपरीतूनच येईल : आमचं काम टॅली आणि एक्सेलवर भागतं, डेटाबेसच्या गाभ्याशी आम्हाला काय करायचं आहे? एका घरात चार माणसं जोडकाम करतात तिथे हे म्हणणं रास्त आहे. त्या घराला वहीसुद्धा पुरते. पण पन्नास-साठ घरांना माल देणाऱ्या आणि त्यांच्याकडून घेणाऱ्या पेढीचं तसं नाही. तिथे दोन माणसं एकाच वेळी एकाच कारागिराच्या खात्यावर नोंद करतात, आणि दोन्ही नोंदी सुखरूप राहाव्या लागतात. चांदी एका खात्यातून निघून दुसऱ्यात जाते, तेव्हा दोन्ही बाजू लिहिल्या जाव्यात किंवा एकही लिहिली जाऊ नये. संगणक दशांश आकडे बऱ्याचदा अंदाजाने साठवतो. हजारो नोंदींच्या बेरजेत त्या अंदाजाने फरक पडू शकतो. पोस्टग्रेसमध्ये ग्रॅम आणि टंच बिनचूक साठवायचा वेगळा प्रकार असतो. आणि कुणाला किती चांदी दिली, ही माहिती कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर ठेवायची नसेल, तर ओपन सोर्स डेटाबेस स्वतःच्या पेढीतल्या संगणकावर बसतो. या चारही गरजा आजच्या पोस्टग्रेसमध्ये भागतात. नोंदीतला मराठी मजकूर नीट शोधता येणं, ही पाचवी गरज तेवढी उरते, आणि ती हुपरीपुरती नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागाची, जयसिंगपूरच्या बाजाराची, जिल्हा बँकेची, ग्रामपंचायतीच्या दाखल्यांची, ग्रंथालयाच्या सूचीची, सगळ्यांची ती आहे.

म्हणून या प्रवासाची तयारी तिकीट काढण्याच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी. पीजीकॉन्फ इंडिया भाषणांचे प्रस्ताव परिषदेच्या काही महिने आधी मागवते. तोवर हातात काम हवं. इचलकरंजीचं डीकेटीई, कोल्हापूरचं केआयटी, सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय हुपरीपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत, आणि वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स गट जुना आहे. या मुलांनी मराठी विभक्तीचे आणि सामान्यरूपाचे नियम स्नोबॉलच्या भाषेत लिहावेत. मराठीच्या शिक्षकांनी ते तपासावेत. हुपरीच्या पेढ्यांनी नावं आणि रकमा वगळून खऱ्या नोंदींतले शब्द चाचणीसाठी द्यावेत, म्हणजे नियम पुस्तकी मराठीवर न थांबता 'टंच', 'घट', 'जोडकाम' यांवरही चालतील. चांदी व्यावसायिकांनी एकत्र येऊन वर्षाला दोन जणांचा बंगळूरचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च उचलावा. एका मध्यम पेढीला तो जड नाही, सगळ्यांनी वाटून घेतला तर जाणवणारही नाही. जाणाऱ्यांनी तिथून परत आल्यावर काय मांडलं आणि कुणी काय दोष दाखवले, हे हुपरीत मराठीत सांगावं. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती दरवर्षी निघते. तिच्या भाषांच्या यादीत मराठी यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी परिषदेची तारीख पाहून ठेवावी, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये.